दगड बांधलेल्या गोधड्या

"आवो मावशी, मागं सरका की! बकीट फिरतंय. आनि हे काय घावलं ते सांगा आदी. गाठोडं हाय का मुडदा?"

"मुडदा कशाला आसंल रं? शेन हाय ते. बसून बसून ढेप झाली आसंल त्याची. उलथ हितंच, फरशीवर. समद्यांना दिसू दे."

पोकलेनच्या केबिनमधून मान बाहेर काढून विचारत होता तो अजिनाथ. कर्जतकडचा गडी, सीना नदीतला गाळ उपसायच्या कामावर आलेला. आणि नदीवरच्या ठेंगण्या फरशी-पुलाच्या कडेला पदर खोचून त्याला हुकूम सोडत होती ती मनकर्णा. काम सरकारी, मशीन ठेकेदाराचं, पण त्या सकाळी तिथं आलेल्या परक्या माणसाला वाटलं असतं की नदी, पोकलेन आणि अजिनाथ हे सगळं ह्या बाईच्याच मालकीचं आहे.

तिच्या ह्या तोऱ्याला कारणही होतं. नगरच्या नदीकाठच्या त्या खालच्या आळीत गेलं वर्षभर नदीच्या नावानं तिच्याइतकं कुणी ओरडलं नव्हतं. आज फरशीखालचे नळे मोकळे करणार म्हटल्यावर तिनं आदल्या दिवशीच घरोघर निरोप दिला होता, "या बघायला. पूर कुनी आनला ते उद्या उघडं पडतंय." आळी आली होती. बाया आल्या होत्या, कामावर जायचे पुरुष डबा हातात घेऊन थांबले होते. आणि ज्याला हे दाखवायचं तो माणूसही आला होता. कारभारी गवळी. त्याला तिनं खास सांगावा धाडला होता, "ये म्हनावं, आनि तुजं पाप डोळ्यांनी बघ." तो मोटारसायकल स्टँडवर लावून, दुधाच्या किटल्या तशाच लटकत ठेवून, सगळ्यांच्या मागं उभा होता.

सीनेला नदी म्हणायचं ते पावसाळ्यातल्या चार दिवसांपुरतं. एरवी काळं पाणी, त्यावर जलपर्णी, कडेला डुकरं. नाक धरल्याशिवाय फरशी ओलांडवत नाही. पण त्याच पाण्यात माणसं नारळ सोडतात, देवाचे फुटके फोटो सोडतात, आणि मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूणही सोडतात. दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवला की घरातलं कुणीतरी गोधडी, उशी, अंगातले कपडे असं बोचकं उचलतं आणि फरशीवरून खाली टाकतं. मागं वळून बघायचं नसतं. टाकलं असं कुणी म्हणत नाही, सोडलं म्हणतात.

आणि मनकर्णाचा धंदा गोधड्या शिवायचा.

ती पाथर्डीच्या डोंगराकडून लग्न होऊन आली. नवरा मार्केट यार्डात हमाल. त्याच्या एकट्याच्या पाठीवर घर चालेना, म्हणून आईनं शिकवलेली सुई तिनं बाहेर काढली. आधी आळीतल्या, मग कॉलनीतल्या, मग कुठल्या कुठल्या सोसायट्यांतल्या बाया जुन्या साड्यांची गाठोडी तिच्या दारात आणून टाकायला लागल्या. उंबऱ्याच्या आत गोणपाटाचं तट्टं पसरायचं, त्यावर अस्तर, मधे थर, वर नऊवारीचं नाहीतर गोल साडीचं काठ जुळवून कापड, आणि मग बाहेरून आत धावदोऱ्याच्या ओळी टाकत जायचं. ओळ अशी सरळ, की जणू शेतात पाभरीनं ओढलीय. शेवटच्या कोपऱ्यावर तांबडं तिकोनी ठिगळ लावायचं. ती तिची खूण. दुसऱ्या कुणी शिवलेली गोधडी तिच्या नावावर खपू नये म्हणून लावलेली.

काळ बदलला तशी तीही बदलली. सुती लुगडी येईनाशी झाली, सगळ्या पॉलिस्टरच्या साड्या यायला लागल्या. सुती दोरा असल्या कापडात टिकेना, म्हणून तिनं नायलॉनचा धरला. गिऱ्हाइकाला गोधडी देताना दोन्ही मुठींनी ताणून दाखवायची. "वढा. वढा की! मानूस झिजंल, ही न्हाई झिजायची."

दगडाची गोष्ट नंतरची. आळीतल्या एका बाईचा नवरा गेला. त्याची गोधडी नदीला सोडली, पण ती बुडालीच नाही. तरंगत जाऊन खाली बाभळीला अडकली, आणि भंगार वेचणाऱ्या कुणीतरी काढून वाळवून अंगावर घेतली. थंडीच्या सकाळी ती बाई दूध आणायला निघाली, तर बंद दुकानाच्या पायरीवर तिच्या नवऱ्याच्या गोधडीत दुसराच माणूस निजलेला. आठ दिवस तिला जेवण गेलं नाही. तेव्हा मनकर्णानंच तोडगा काढला. "सोडताना आत दगुड घाला, आनि वरून घट्ट बांधा. तळाला गेलं म्हंजी मानूस सुटला, आनि मागं ऱ्हानारंबी सुटलं." आळीला पटलं. वरच्या आळीनंही उचललं. बघता बघता रीतच झाली ती. नव्यानं आलेल्या भाडेकरूंना तर वाटायचं की हे पूर्वापार असंच आहे.

मागल्या साली गणपती उठले आणि पाऊस कोसळला. फरशीखालून पाणी जाईना. फुगलं आणि उलटं आळीत शिरलं. धान्य भिजलं, गाद्या भिजल्या. आळीच्या टोकाला फिलिप मास्तरांचं घर. ते चर्चमध्ये पेटी वाजवायचे. रात्रभर पेटी पाण्यात राहिली. मास्तरांनी आणि त्यांच्या बायकोनं, कृपाबाईनं ती उन्हात ठेवली, तर भाता सडलेला आणि पट्ट्या फुगून वर आलेल्या. मास्तर काही बोलले नाहीत. नुसते एकेक पट्टी दाबत बसले.

बोलली मनकर्णा. फरशीच्या वरच्या अंगाला, काठावरच कारभाऱ्याचा गोठा होता. शेण सरळ पाण्यात. ते सगळ्यांना दिसत होतं, वासही येत होता. मनकर्णानं बाया गोळा केल्या आणि गोठ्यापुढं बैठक मारली. "ह्याच्या शेनानं नळं बुजलं. ह्यानं आमची घरं बुडवली."

कारभारी हात जोडून म्हणाला होता, "वैनी, शेन पान्यात विरघळतंय. माझ्या म्हशी काय सिमिट हागत्यात का?"

बाया हसल्या. त्यावर मनकर्णानं काय सुनावलं ते आळीला अजून पाठ आहे. "तुज्या दुधात पानी आसतंय म्हनून तुजं शेनबी विरघळंल, पन आमच्या चुलीतला गाळ न्हाई विरघळायचा." टाळ्या पडल्या. दोन दिवस रेटा लावला. तिसऱ्या दिवशी कारभाऱ्यानं टेम्पो बोलावला आणि म्हशी पार शहराबाहेर, माळावर नेल्या. तिथं ना पाणी ना सावली. निम्म्या म्हशी त्याला विकाव्या लागल्या. दूध घालायला तो शहरात यायचा, पण खालच्या आळीत गाडी वळवायचा नाही.

तर आता ते शेण निघायचं होतं.

अजिनाथनं बकेट फरशीवर उलथं केलं. काळं, चिखलानं लडबडलेलं, माणूस गुडघे पोटाशी घेऊन निजावा एवढं काहीतरी धप्पकन पडलं. तो खाली उतरला, कोयत्यानं वरची दोरी तोडली. दोरी तुटली तसा आतून दगड गडगडत कृपाबाईच्या पायाशी आला.

"शेनात दगुड?" कुणीतरी म्हणालं.

अजिनाथनं कोयत्याच्या टोकानं घडी उलगडली. चिखल निथळला आणि कोपऱ्यावर तांबडं ठिगळ दिसलं. तिकोनी.

मनकर्णा पुढं होऊन म्हणाली, "एखांदी आसंल वाहून आल्याली. पुढं वढ."

अजिनाथनं पुढं ओढलं. दुसरं बोचकं. मग एकाला एक गुंतलेली दोन. मग मशीनचा दात नळ्यात घालून त्यानं जे खेचलं, ती सलग माळच बाहेर आली, दोऱ्यात दोरा अडकलेली, दगडांनी लोंबणारी. काठावर ठेवायला जागा पुरेना. कापडाला चिखल होता, पण टाका शाबूत होता. ओळ न ओळ जिथल्या तिथं.

"मनकर्णाबाई, तुमचं तिकोन!"

"ह्ये बी."

"ती काठापदराची आमच्या म्हातारीची न्हाई का गं?"

पोरी हसायला लागल्या. "आगं, ह्ये तर दुकानच मांडलंय मावशीनं!" पुरुषांतला एक म्हणाला, "वढा म्हनती ना, वढा की आता!" हशा पिकला. मनकर्णाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. तिला वाटलं, एकदा तरी शेणाचा गोळा निघावा. देवा, एवढासा निघू दे. आपण देवाकडं शेण मागतोय हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

शेवटचं बोचकं निघालं तसं नळ्यातलं तुंबलेलं पाणी घळाघळा सुटलं. वरच्या अंगाचं काळं डबकं सगळ्यांच्या देखत खाली उतरायला लागलं. आता कुणाला काही विचारायचं उरलं नाही. आणि ते बोचकं फरशीवर आपटलं, त्यातून दगडाऐवजी वरवंटा बाहेर पडला.

तो वरवंटा आळीनं ओळखला. मनकर्णाच्या नवऱ्याला पाट्यावरच्या ठेच्याशिवाय घास उतरत नसे. तो गेला तेव्हा, त्याच्या गोधडीत दुसरा दगड कशाला, म्हणून तिनं घरचा वरवंटाच बांधला होता. रडत रडत बांधला होता आणि चारजणींनी बघितला होता.

आता मात्र कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

कृपाबाई वाकून त्या वरवंट्याकडं बघत होती. ती एवढंच म्हणाली, "आमच्यात धुऊन कुणालातरी देतात." तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण मनकर्णाला पेटी आठवली, आणि एकेक पट्टी दाबत बसलेले मास्तर आठवले.

मागं मोटारसायकलला किक बसली. कारभाऱ्यानं किटल्या सारख्या केल्या आणि अजिनाथला मोठ्यानं सांगितलं, "भाऊ, शेन निघालं की मला हाक मार." आणि गेला.

अजिनाथच्या मुकादमानं त्या गोधड्या काठावर वाळत टाकल्या. ओल्या उचलल्या तर वजनानं ट्रॉली बसंल म्हणाला. त्यामुळं पुढचे दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या दिसत राहिल्या. ऊन लागलं तसा चिखल पापुद्र्यानं सुटला आणि खालचे रंग वर आले. गुलबाशी, पोपटी, निळे, हळदी. सुती असत्या तर मातीला मिळून गेल्या असत्या. ह्या नव्यासारख्या. माणसं थांबून दाखवायची, "ती बघ, ती आमच्या आज्याची." काहीजण भडकले, ते मनकर्णावर. "तूच म्हनालीस दगुड बांधा म्हंजी सुटतंय. मेलेलं मानूस चव्हाट्यावर आनलंस तू."

मनकर्णा घराबाहेर पडेना. नळाला सून जायची, रेश्मा. गिऱ्हाईक आलं तर रेश्मानं सांगायचं, आत्याबाई गावाला गेल्यात. आतल्या खोलीत बसून ती ऐकायची आणि तिला आपल्याच घरात चोरासारखं वाटायचं. सुई हातात धरवेना. भाकरीचा तुकडा मोडला तरी वाटायचं, कुणीतरी बघतंय.

एकदा रेश्माच म्हणाली, "आत्याबाई, तुमी काय मुद्दाम केलं का? तुमाला काय म्हाईत?"

"मला म्हाईत नव्हतं ते गोधड्यांचं. कारभाऱ्याचं मला म्हाईत हाय आसंच मी बोलले की न्हाई? बघितलं नव्हतं, तरी बोलले."

सासूला कुणी असं उत्तर द्यायला लावलं नव्हतं आजवर.

शेवटी ती उठली, दुपारच्या उन्हात रिक्षा करून माळावर गेली. पत्र्याचा गोठा, बाहेर टँकरच्या पाण्याचा सिमेंटचा हौद, पाच-सहा म्हशी. कारभारी वैरण टाकत होता. त्यानं तिला बघितलं आणि पेंढी सोडायचं काम चालूच ठेवलं.

ती उभी राहिली. वाटेत जुळवलेलं सगळं तोंडात वाळून गेलं.

"दूध पायजे का?" कारभाऱ्यानं विचारलं.

"न्हाई."

"मग?"

"चुकलं माजं, कारभारीभाऊ."

त्यानं पेंढीचा बंध तोडला. "शेन मीबी सोडत हुतो पान्यात. ते काय खोटं न्हाई. घान केलीच मी."

"पन नळं तू नव्हते बुजवले."

"न्हाई."

म्हशीनं मान हलवून माश्या उडवल्या. मनकर्णा म्हणाली, "परत ये. जागा हाय तशी पडून हाय. मी बोलते आळीत."

"काठावर म्हशी आता न्हाई आनायच्या मी. नदी साफ व्हायलीय, व्हऊ द्या." तो पहिल्यांदा तिच्याकडं सरळ बघून बोलला. "वैनी, एक सांगू का? हाकललं तुमी मला चारचौघात. टाळ्या वाजवून. आनि चुकलं म्हनायला आल्या माळावर. हितं कोन हाय? ह्या म्हशींनी काय मला हाकललं न्हाई."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

"तुमची मर्जी," कारभारी म्हणाला. "मी काय मागत न्हाई. दूधवाला हाय, दारात जाऊन हाक मारायची सवय हाय मला. तुमी आल्या म्हनून बोललो."

परतीच्या वाटेवर तिला जी लाज वाटली, ती फरशीवरच्या लाजेहून वाईट होती. फरशीवर लोकांनी बघितलं म्हणून वाटली होती. ही कुणी न बघता वाटत होती.

त्याच आठवड्यात आळीतल्या गोरक्षनाथच्या आईचा दहावा होता. म्हातारीला सगळे मानायचे, जवळपास सगळी आळी गेली. पिंडाला कावळा शिवला, तेव्हा मनकर्णा बायांच्या घोळक्यात सगळ्यात मागं होती. परत निघाले. फरशीवर आल्यावर गोरक्षनाथ थांबला. त्याच्या हातात बोचकं होतं, दोरीनं आवळून बांधलेलं. त्यात दगड होता हे चालण्यावरूनच कळत होतं. खाली नदी पहिल्यांदाच मोकळी वाहत होती. पाणी काळंच, पण चालतं.

सगळ्यांनी बघितलं आणि कुणीच काही बोललं नाही. मेलेल्याच्या कामात मधे कोण पडणार? मनकर्णाला वाटलं, कुणीतरी बोलावं. मुकादम असता तर बोलला असता, कृपाबाई असती तर बोलली असती. गोरक्षनाथनं हात वर केला आणि ती पुढं झाली.

"नगं टाकू गोरक्षा."

"मावशी, बाजूला व्हा. आईचं हाय."

"आईचं हाय, पन शिवल्याली माजी हाय." तिचा आवाज चिरकला. मागं कुणीतरी हसलं. ती वळली आणि आळीकडं तोंड करून, पदर तोंडाला न लावता बोलली, "मागल्या साली पूर माज्या गोधड्यांनी आला. दगुड बांधायचं म्या शिकवलं. कारभाऱ्याच्या शेनानं न्हाई आला. त्याला म्या उठवला, आनि तुमी टाळ्या वाजवल्या. मास्तरांची पेटी म्या बुडवली. काय बोलायचं ते मला बोला, पन हितं काय टाकू नका."

तिला वाटलं होतं, हे बोललं की छाती हलकी होईल. झाली नाही. माणसं तिच्याकडं बघत होती, काही टाळ्या वाजवलेली माणसं आपल्या पायांकडं बघत होती. गोरक्षनाथ मात्र रडवेला होऊन चिडला. "आनि मग मी काय करू हिचं? घरात ठिवू? रोज बघू? तुमीच म्हनाला हुता ना सोडल्याबिगर मानूस सुटत न्हाई?"

"म्या म्हनाले हुते," मनकर्णा म्हणाली. "मला काय कळतंय मेलेल्याचं? म्या आपली सुई चालवती."

मग गोरक्षनाथनं दोरी सोडली, दगड काढून फरशीच्या कडेला ठेवला, आणि गोधडी काखेत मारून घरी निघाला. त्याच्या बायकोनं जाताना तिच्याकडं असं बघितलं, की तेराव्याला जेवायला बोलावणार नाही हे तिला तिथंच कळलं.

ही गोष्ट कारभाऱ्याला कुणीतरी दुधाच्या वाटेवर सांगितली. तो म्हणाला, "बरं." आणि किटलीचं झाकण लावलं. आळीत त्याची गाडी अजून वळत नाही.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मानं दार उघडलं, तर कॉलनीतली एक बाई साड्यांचं गाठोडं घेऊन पायरीवर उभी. रेश्मानं सवयीनं सांगायला तोंड उघडलं, "आत्याबाई गावाला—"

"हाय हितंच," आतून आवाज आला. मनकर्णा बाहेर आली. गाठोडं सोडून तिनं एकेक साडी उजेडात धरून बघितली, सुती एका बाजूला, बाकीच्या दुसऱ्या बाजूला. मग तट्टं पसरलं, त्यावर सुतीतलंच अस्तर टाकलं, आणि चारी कोपरे ओढून घेत रेश्माला म्हणाली, "पंखा बंद कर गं जरा. कापड उडतंय."